शनिवारचा निरोप

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज भावाची मुलगी मुंगी माझ्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यातच बसली. वरच्या मजल्यावरून माझ्याकडे यायला सोळा पायऱ्या, त्याही उतरायच्या. एरवी ही पोरगी दोन-दोन पायऱ्या सोडत येते आणि तिचा बाप वरून ओरडतो, दात पडतील म्हणून. आज भिंतीला टेकून म्हणाली, "आत्या, पायऱ्या लांब झाल्यात."

पाळणाघरातली अकरा पोरं आतल्या खोलीत झोपली होती. तिला उचलून खिडकीशी आणलं. ओठ आणि गाल एकाच रंगाचे, जुन्या मेणबत्तीसारखे, जरासे पिवळट. छातीवर हात ठेवला तर काळीज धावत सुटलेलं. गेले तीन-चार दिवस तिला बारीक ताप होता. पण ताप सगळ्याच पोरांना येऊन गेला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

भावजयीला आज सुट्टी होती, तिला हाक मारली. तिला पाचवा महिना आहे, जिना जपून उतरते. म्हणाली, "दुपारी जेवली नाही ना, म्हणून असेल."

"आजच दाखवायचं," मी म्हटलं. "उद्यावर टाकायचं नाही."

इतक्या ठामपणे मी त्यांच्या संसारात कधी बोलत नाही. तीही चमकली. संध्याकाळी भाऊ तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. "सकाळी" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्यात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिमोग्लोबिन तीन पॉइंट सहा. अकरा-बारा हवं. नर्सने आकडा दोनदा तपासायला पाठवला, दोनदा तोच आला.

दहाच्या सुमारास भावाचा फोन. "अक्का, तू ये." बस एवढंच. पोरांच्या आयांना फोन करकरून सगळ्यांना घरी पाठवलं आणि निघाले.

रक्ताच्या डॉक्टरबाई बुटक्या आहेत, हळू बोलतात आणि बोलताना समोरच्याकडेच पाहतात. म्हणाल्या, "तीन-चार शक्यता आहेत. त्यातली एक वाईट आहे. ती आधी तपासून बाजूला काढू."

"वाईट म्हणजे?" भावजयीने विचारलं.

"रक्ताचा कर्करोग. आहे असं म्हणत नाही मी. बघायला हवं, इतकंच."

भावजय रडली नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते कळलं नाही. मी नजर खाली घातली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. मुंगीला थोडी गुंगी दिली होती. भाऊ धीर देतो म्हणून आत उभा राहिला आणि सुई पाहताच ओंडक्यासारखा आडवा झाला. दोन नर्स मुलीला सोडून बापाचे पाय वर धरून उभ्या. मुंगी अर्धवट जागी होती. तिने विचारलं, "बाबा मेला का?" त्या धांदलीतही दारातले आम्ही सगळे हसलो. भावजयसुद्धा.

दुपारपासून रक्त चढवतायत, अगदी थेंब थेंब. एकदम दिलं तर दमलेल्या काळजाला झेपणार नाही म्हणे. मी त्या थेंबांकडे बघत बसले. संध्याकाळी ओठांवर जरा रंग आला, तेव्हा कळलं की दिवसभर मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कर्करोग नाही.

डॉक्टरबाईंनी दार लोटता लोटताच ते सांगितलं, मग बसल्या. भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग त्यांनी जे समजावलं ते जमेल तसं लिहून ठेवते, कारण भाऊ आणि भावजय दोघंही अर्धंच ऐकत होते.

आपली तांबडी पेशी चपटी असते, मधे दाबलेल्या बटणासारखी. मुंगीच्या पेशी जन्मापासूनच चेंडूसारख्या गोल. पोटातल्या प्लीहेतून जाताना त्या अडकतात आणि फुटतात. इतरांच्या पेशी चार महिने टिकतात, हिच्या जेमतेम दोन-तीन आठवडे. पण हाडांतला कारखाना दुप्पट तिप्पट काम करून नव्या पेशी काढत राहिला, म्हणून सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

"आता एक विषाणू आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो नेमका त्या कारखान्यात शिरतो. आठ-दहा दिवस कामच बंद. तुमचा माझा कारखाना आठ दिवस बंद पडला तर आपल्याला कळणारही नाही. हिचा माल मुळातच टिकत नाही."

"पण विषाणू आला कुठून?" भावाने विचारलं.

"आसपास कुणा मुलाचे गाल लाल झाले होते का? थोबाडीत मारल्यासारखे?"

झाले होते. पाळणाघरातल्या घारीचे. गेल्या आठवड्यात. पोरं तिला टोमॅटो टोमॅटो म्हणून चिडवत होती आणि मीही हसले होते. मुंगी शाळेतून येऊन रोज दुपारी माझ्याकडेच असते, घारीच्या शेजारची चटई तिची.

मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

"गाल लाल होतात तोवर ते मूल दुसऱ्याला आजार देण्याच्या पलीकडे गेलेलं असतं," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "पसरतो तो आधी, नुसती सर्दी असते तेव्हा. तुम्हाला ओळखता आलंच नसतं."

हे वाक्य मी घोकून ठेवलंय.  भावजयीचा हात पोटावर गेला. तेव्हा डॉक्टरबाईंचं लक्ष गेलं आणि त्यांचा आवाज बदलला. "कितवा महिना?"

हा विषाणू गर्भातल्या बाळाचंही रक्त आटवू शकतो. आईला लहानपणी होऊन गेला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर काळजी. भावजयीचं रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत तिने मुंगीजवळ जायचं नाही, कारण मुंगीच्या अंगात तो आत्ता भरभरून आहे. मुंगीला वेगळ्या खोलीत हलवायचं. सोबत एकच माणूस.

भावजय म्हणाली, "ती माझ्याशिवाय झोपत नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं. सुईच्या नावाने त्याचे हातपाय गळतात, हे आता सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. मी म्हटलं, "मी राहीन."

जाताना भावजयीने मला मुंगीची पांघरायची ओढणी दिली. तिचीच जुनी ओढणी. "ही लागते तिला, ताई. एक टोक मुठीत धरते." मुंगीला जवळ न घेता, लांबूनच हात हलवून गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खोलीला दोन दारं. आतल्या दाराला काच. बाहेर हात धुवायचे, तोंडावर मास्क, अंगावर निळा झगा, मग आत. पलंग एक, माझ्यासाठी घडीची खुर्ची. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.

मुंगी सकाळी रडली. मग थांबली. रडायलाही ताकद लागते. मी तिला अदृश्य माणसांच्या गोष्टी सांगितल्या. तिने माझ्या हाताच्या शिरा मोजल्या. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि माझा पाय मुंग्यांनी भरला तरी मी हलले नाही. पंधरा वर्षं लोकांची पोरं सांभाळतेय. सहा वाजले की ती आईच्या दिशेने धावतात आणि माझ्याकडे वळून पाहत नाहीत. बरोबरच आहे ते. पण आज सहा वाजले आणि कुणी कुठे गेलं नाही.

डॉक्टरबाई संध्याकाळी आल्या. मुंगीला तपासून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचे डोळे नेहमी असेच पिवळसर असतात?"

"लहानपणापासून. चोविसाव्या वर्षी पित्ताचे खडे निघाले, पित्ताशय काढलं."

"चोविसाव्या वर्षी," त्या म्हणाल्या. "लहानपणी कधी खूप आजारी होता?"

सांगितलं. सात वर्षांची होते. अशीच पांढरीफटक पडले होते, उठवत नव्हतं. त्या वेळी कावीळ म्हणाले. आईच्या पोटात भाऊ होता, तिला लागण होऊ नये म्हणून मला मागच्या खोलीत ठेवलं. महिनाभर. ताट दाराशी ठेवायचे. आई दाराशी उभी राहून बोलायची, आत यायची नाही. ती बोलून गेली की मी दाराकडे बघत पडून राहायची. कधी बरी झाले ते आठवत नाही. बरी झाले तेव्हा घरात बाळ होतं, हे आठवतं.

डॉक्टरबाईंनी माझंही रक्त घ्यायला सांगितलं. "तुम्हाला तो आजार तेव्हाच होऊन गेला असणार, म्हणून तुम्ही इथे बिनधास्त राहू शकता."

भिंतीवरच्या फळ्यावर रोज सकाळी नर्स लिहून जाते. आज: हिमोग्लोबिन सहा. नव्या पेशी शून्य.

१ मार्च, शनिवार

नव्या पेशी शून्य. पण मुंगीने सकाळी अर्धं अंडं आणि एक केळं खाल्लं.

दुपारी डॉक्टरबाई घाईत आल्या. शनिवारी त्या लवकर जातात, आता सोमवारी येतील. दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या भावजयीचा रिपोर्ट आला. त्यांना हा आजार लहानपणी होऊन गेलाय. त्यांना आणि बाळाला अजिबात धोका नाही. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. तुम्ही निरोप द्या. उद्यापासून त्या इथे राहिल्या तरी चालेल."

"देते," म्हटलं.

मुंगी तेव्हा माझ्या झग्याच्या नाड्यांची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, हलू नको, सुटेल."

चार वाजता फोन करणार होते. तेव्हा ती माझ्या कुशीत झोपली. पाच वाजता भाऊ आला, काचेतून बोलला. त्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. सात वाजता भावजयीचाच फोन आला. मुंगी कशी आहे, काय जेवली, ओढणी घेते का. मी सगळं सांगितलं. ती बोलायला दे म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच डोळा लागलाय. लागला नव्हता, पण लागत आला होता.

एका दिवसाने काय बिघडणार आहे? भावजयीला आराम हवा. पोटुशी बाई, या खुर्चीवर तिची कंबर धरेल. उद्या रविवार, तिलाही जरा झोपू दे. मुंगीला आता माझी सवय झालीय, मधेच माणूस बदललं तर पुन्हा रडारड. सोमवारी डॉक्टरबाईंना विचारून काय ते व्यवस्थित ठरवू.

मला इथे झोप छान लागते. असं म्हणू नये, पण लागते.

२ मार्च, रविवार. दुपार

नव्या पेशी अजून शून्य. हिमोग्लोबिन साडेपाच. पुन्हा उतरतंय, पण बेतात.

आजचा दिवस फार चांगला गेला. मुंगीने मला शाळा शिकवली. मी ढ मुलगी झाले. मला तीन वेळा कोपऱ्यात उभं केलं. मग माझे केस विंचरून दिले आणि म्हणाली, "तुझे पांढरे केस बाईंना सांगणार नाही हं मी." तिने आज एकदाच विचारलं आई का येत नाही. मी म्हटलं, बाळाला त्रास होऊ नये म्हणून.

"म्हणजे आईला बाळ जास्त आवडतं?"

"नाही गं," म्हटलं मी. म्हणायला जरा उशीर केला, हे खरं.

३ मार्च, सोमवार

काल संध्याकाळचं लिहायलाच हवं.

सहा वाजता भावजयीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, रिपोर्टचं काही कळलं का हो?"

"आज रविवार ना," मी म्हटलं.

"हो. विसरलेच." मग थांबली. "ताई, बाळ सकाळपासून हललं नाही असं वाटतंय. का माझं मलाच कळत नाहीये. कालपासून नुसती पोटावर हात ठेवून बसलेय. ह्यांना सांगितलं तर हे घाबरतात. आईला फोन केला तर ती रडते. म्हणून तुम्हाला केला. तुम्ही घाबरत नाही ना."

मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मुंगी काचेच्या दाराशी जाऊन उभी होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ. ती म्हणाली, "आत यायचं नसेल तर आई दाराशी तरी का येत नाही? मी नुसतं बघीन."

माझ्या हातातला चहा थंड होऊन गेला. मग मी फोन उचलला.

"तुला काही नाही," म्हटलं. "बाळालाही नाही. रिपोर्ट आलाय. तुला लहानपणीच होऊन गेलाय तो आजार. तू ये."

  मग तिने विचारलं, "कधी कळलं?"

"आत्ताच."

पंचवीस मिनिटांत ती आली. भाऊ मागून धावत. तिच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. नर्सने कपाटातून रिपोर्ट काढला, तिच्या हातात दिला. तिने तो न वाचता घडी करून पर्समध्ये टाकला, झगा चढवला आणि आत गेली.  मुंगीने आईच्या पोटाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तशीच राहिली. मी बाहेर आले होते, मधे काच असल्यामुळे आवाज येत नव्हता.

आत एकच माणूस राहू शकतं. मी माझी पिशवी घेतली, बस पकडून घरी आले. बसमध्ये हाताला जंतुनाशकाचा वास येत होता. पाळणाघराचं दार उघडलं, अकरा चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

आज दुपारी भावाचा फोन. सोनोग्राफी केली, बाळ ठणठणीत. आणि मुंगीच्या फळ्यावर आज शून्य नाही. नव्या पेशी दोन टक्के. कारखाना सुरू झाला. फोनवर तो पुन्हा रडला. मीही.

५ मार्च, बुधवार

डॉक्टरबाईंनी मला आणि भावाला बोलावलं होतं. दोघांच्याही रक्तात गोल पेशी. आईकडून आल्या की बाबांकडून, ते विचारायला आता कुणी उरलेलं नाही. भावाच्या सौम्य, माझ्या बऱ्यापैकी. माझं हिमोग्लोबिन नऊ. "तुम्हाला दम लागत असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटायचं सगळ्यांनाच लागतो.

"ही कावीळ नव्हतीच कधी," त्या म्हणाल्या. "पेशी फुटतात, त्यांचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. कुणाला लागत नाही. सात वर्षांच्या असताना तुम्हाला मुंगीसारखंच झालं होतं. रक्त न चढवता तुम्ही वाचलात, हे मोठंच नशीब."

माझं ठरलेलं लग्न मोडलं ते या डोळ्यांपायी. पित्ताशयाच्या ऑपरेशनला महिना झाला होता. त्याच्या आईने स्पष्ट विचारलं होतं, हिची कावीळ पोरांना लागली तर? तो समोरच बसला होता, चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत. मला त्याचा राग नाही आला, कारण मलाही तेच वाटायचं. पुढे पाळणाघर काढलं तेव्हा पहिली दोन वर्षं मी पोरांचे पापे घेत नव्हते.

हे सगळं सांगायला कुणीतरी हवं होतं. भाऊ औषधांच्या रांगेत होता. आल्यावर म्हणाला, "अक्का, आपण दोघं सेम टू सेम निघालो की." आणि हसला. मीही हसले.

मुंगीला काचेतून पाहिलं. ती आईला शाळा शिकवत होती.

८ मार्च, शनिवार

मुंगी घरी आली. हिमोग्लोबिन आठ, स्वतःच्या बळावर चढतंय. सोळा पायऱ्या बापाच्या कडेवरून चढली.

भावजय मागे राहिली. जिन्याच्या कठड्याला धरून उभी. मला वाटलं दम खातेय. मी पुढे होऊन पिशवी घ्यायला गेले. तिने दिली नाही.

"रिपोर्टवर वेळ असते, ताई," ती म्हणाली. "शनिवार, एक वाजून दहा मिनिटं. परवा डॉक्टरबाई मला म्हणाल्या, नणंदेने निरोप दिला ना लगेच? मी हो म्हटलं."

मी पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला.

"शनिवारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग?"

खूप कारणं लिहून ठेवली होती मी, याच वहीत. तुझी कंबर, तुझा आराम, तिची सवय. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "मुंगी दोन दिवस मला हवी होती," म्हटलं.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मागितली असती तर दिली नसती का मी?" ती म्हणाली. "रात्री-अपरात्री तुमच्या भरवशावर सोडते तिला. घारीचं कळलं तेव्हाही एक शब्द बोलले नाही तुम्हाला. तुमचा दोष नव्हताच तो. पण हा आहे. शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत माझं बाळ पोटात मरतंय असं समजून बसले होते मी. आणि तुम्हाला फोन केला. तुम्हालाच केला."

पिशवी घेऊन एक-एक पायरी चढत गेली. मधे एकदा थांबली, पण वळली नाही.

१७ मार्च, सोमवार

पाळणाघर उघडलं. अकरापैकी पाच पोरं आली. बाकीच्यांच्या आया फोनवर गोड बोलतात, सध्या आजी आलीय, सध्या सुट्टी घेतलीय. विषाणू केव्हाच गेला, हे मी त्यांना सांगते. डॉक्टरबाईंसारखं हळू बोलून बघते, पण मला ते जमत नाही. घारी मात्र आली. तिला काहीच माहीत नाही. गालाला गाल लावते माझ्या.

मुंगी शाळेत जाऊ लागलीय. शाळेतून सरळ वर जाते. भावजयीने दुपारची अर्धी रजा काढलीय. भांडण नाही, अबोला नाही. जिन्यात भेटलो तर "जेवलात का" विचारते. मी "हो" म्हणते.

दुपारी पोरं झोपली की डोक्यावर पावलं ऐकू येतात. मुंगी पळतेय, थांबतेय, पुन्हा पळतेय. पळतेय म्हणजे रक्त चांगलं आहे. मी मनातल्या मनात आकडा धरते. आज साडेनऊ असेल.

२ एप्रिल, बुधवार

आज मुंगी जिन्यात भेटली. मला म्हणाली, "आत्या, तू काय केलंस? आई म्हणते काही नाही. मग तू वर का येत नाहीस?"

"मी एक निरोप द्यायला उशीर केला."

"किती उशीर?"

"दीड दिवस."

तिने विचार केला. "शाळेत दीड दिवस उशीर झाला तर आत घेतच नाहीत," म्हणाली आणि वर गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

आज आम्हा तिघांची तपासणी होती. मुंगी, भाऊ आणि मी. पुढची सहा महिन्यांनी, मग वर्षाने. भाऊ ऐनवेळी कामावर अडकला. काल संध्याकाळी भावजय खाली आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "उद्या मुंगीला घेऊन मीच येतेय. तुम्ही वेगळ्या बसने कशाला जाता, एकत्रच जाऊ."

सातवा महिना तिला. बसमध्ये आमच्या दोघींच्या मधे मुंगी बसली आणि सगळा रस्ता बोलत होती. आम्हाला बोलावं लागलं नाही.

मुंगीची सोनोग्राफी झाली. प्लीहा मोठी आहे, पण आत्ता हात लावायची गरज नाही. डॉक्टरबाईंनी भावजयीला सांगितलं, बाळ झालं की त्याचंही रक्त बघू. असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. आधीपासून माहीत असलं की घाबरायचं कारण नाही, एवढाच फरक.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो. समोर पोरं माशांच्या मोठ्या पेटीशी गर्दी करून होती, मुंगी त्यांत घुसली. भावजय तिच्याकडे बघत म्हणाली, "ह्याचंही तुमच्यासारखंच निघालं तर?"

"तर त्याला दम लागेल," मी म्हटलं. "आणि त्याला वाटायला नको की तो सगळ्यांनाच लागतो. मी सांगीन त्याला."

तिने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्या मजल्यावर मिळतो. तिला जिने नको म्हणून मी गेले. लिफ्टसमोर ही रांग. खिडकीतल्या बाईने मुंगीचं पाकीट दिलं, चिकटवलेलं. मी ते फोडलं नाही, उजेडात धरूनही पाहिलं नाही. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं, दम लागला होता. कठड्याला धरून दहा आकडे मोजले आणि पुन्हा निघाले.

पाकीट भावजयीच्या हातात दिलं. मला बोलायला श्वास नव्हता. तिने ते फाडलं. आधी कागदाच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. मग भिंतीवरचं घड्याळ. मग खालचा आकडा वाचला.

"अकरा पॉइंट दोन," ती म्हणाली. कागद माझ्या हातात दिला आणि बाकावरची तिची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा, ताई. धापा टाकताय."

मी बसले.